पेटीत कोणी हाय का?

मधमाश्यांच्या पेटीवर टकटक करून उत्तराची वाट बघत उभं राहू नये.

हे मला आता कळलंय. त्या सकाळी कळलेलं नव्हतं. वसमतला जानेवारीत एखादा आठवडा असा येतो की नळाची तोटी आपण धरत नाही, तीच आपल्याला धरून ठेवते. अशा थंडीत कानाला मफलर, अंगात दोन स्वेटर (त्यातला एक बायकोचा, पण तो आतून होता) अशा थाटात मी परसात उभा होतो. समोर लाकडी पेटी. मी बोटं वाकवली, सोयऱ्याच्या दारावर वाजवावं तसं अदबीनं वाजवलं आणि विचारलं, "कोणी हाय का?"

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी एक पाऊल बाजूलाही सरकलो. दार उघडणाऱ्याला अडचण नको म्हणून!

पेटीतून उत्तर आलं नाही. घरातून आलं.

"बाळू, कोण आलंय रं?" ही माझी आई. वय ऐंशीच्या पुढं, कान मात्र अजून विशीतले.

"कोणी न्हाई, माय."

"मंग कडी कोण वाजवून राहिलं?"

"मीच."

"आरं, तुझंच घर हाय की! वाजवतोस काहून? ये आत."

आणि तिनं चहा टाकला. एक कप जास्तीचा. बाहेर कोणी असल्याशिवाय आपलं पोरगं आपल्याच घराची कडी वाजवणार नाही, एवढा तिचा माझ्यावर अजून विश्वास आहे.

पेटी माझ्या बायकोची. सुनंदा तिचं नाव. बचत गटातल्या बायकांबरोबर ती मधमाशीपालन शिकली आणि एक दिवस मांडीवर पेटी घेऊन ऑटोतून अशी उतरली, की गल्लीतल्या बायकांना वाटलं नवा टीव्ही आला. परसात शेवग्याखाली लोखंडी स्टँडवर पेटीची स्थापना झाली. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. पहिल्या वर्षी अर्ध्या माश्या उडून गेल्या तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. उरलेल्यांना तिनं साखरेचं पाणी पाजून, कपाशीवर औषध मारायच्या दिवसांत पेटीवर ओली चादर टाकून जगवलं होतं. दोन पोरी लग्न होऊन गेल्यावर घरात जी काही वर्दळ उरली होती ती या पेटीची. मी वर्दळीत धरला जात नाही.

तर सुनंदाच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ही चार दिवस मदतीला म्हणून शिरड शहापूरला गेली. बसमध्ये चढताना म्हणाली, "थंडी हाय. पेटी उघडायची न्हाई. जागची हलवायची न्हाई. वाट्यांत पाणी घालायचं, बास."

"एवढंच?"

"तुमच्यासाठी एवढंच लई हाय."

मी पाणी घालत होतो. रोज. रात्री तिचा फोन यायचा. "माश्या कशा हायेत?" मी म्हणायचो, "मजेत." (वाट्या बघायच्या सांगितल्या होत्या, माश्या बघायच्या सांगितल्याच नव्हत्या.) त्या दिवशी मात्र वाटीत पाणी ओतता ओतता माझी नजर पेटीच्या बुडाशी असलेल्या फटीकडं गेली. तिथून एरवी माश्यांचं जाणं-येणं असं चालू असतं, की बाजाराच्या दिवशी बसस्टँडचं दार आठवावं. तिथं चिटपाखरू नव्हतं. आत काळोख. हिच्या माश्या गेल्या! आणि मी रोज रात्री "मजेत" म्हणून राहिलो!

म्हणून ती टकटक.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं पाप समजायला सोपं जाईल. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या, बोअरच्या, गिरणीच्या जळालेल्या मोटारी मी भरून देतो. मोटार आतून बरी आहे का, हे आम्ही लोक उघडून बघत नाही. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक मोटारीला टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. आतलं सगळं कानात येतं. या पेचकसाच्या जिवावर मी अर्ध्या तालुक्याच्या मोटारींचे आजार सांगितले आहेत.

बायकोनं पेटी उघडायची नाही म्हणून सांगितलं होतं. पेचकसाला उघडायची गरजच नव्हती! माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. मी उकिडवा बसलो, टोक पेटीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

गुऽऽऽऽऽ!

काय आवाज होता! संथ, भरीव, एकसारखा. मला भरून आलं. सवयीप्रमाणं तपासणीही करून टाकली. लोड बरोबर. व्होल्टेज ठीक. फक्त कुठंतरी बेअरिंग किंचित घासत होतं. (मधमाशीला बेअरिंग कुठं असतं, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.)

लगेच फोन लावला.

"जय भीम! माश्या एक नंबर चालू हायेत!"

"जय भीम. चालू हायेत म्हंजे? भाईर आल्यात का?"

"भाईर न्हाई. आतून. आवाज ऐकला मी. एकदम बराबर."

"एवढ्या थंडीत एवढा आवाज?" सुनंदाच्या आवाजात शंका होती. "थंडीत त्या एकमेकींना चिटकून गप बसतात."

"तू हायेस तिकडं. मी हाय पेटीपाशी. कान माझा हाय का तुझा?"

कान माझाच होता, हे पुढच्या दोन मिनिटांत सिद्ध झालं. फोन ठेवून आणखी एकदा तो गोड आवाज ऐकावा म्हणून मी मूठ कानाला लावली, आणि आवाज खाली खाली यायला लागला. गुऽऽऽ... गुऽऽ... गु... आणि बंद! पूर्ण बंद! माझ्या कानासमोर अख्खी वसाहत गेली!

माय चहाचा कप घेऊन दारात आली. "काय रं, असा काहून बसला?"

"माय, माश्या बंद पडल्या."

मायनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मागं वळून स्वयंपाकघरातल्या विझलेल्या दिव्याकडं बघितलं.

"लाईटबी आत्ताच गेली," ती म्हणाली. "लाईटीवर चालतात व्हय रं त्या?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून रहीमचाचाचा आवाज आला. "फिर गई लाईट! पूरी ज्वार अटक गई अंदर!"

भिंतीपलीकडं चाचाची पिठाची गिरणी आहे. तिची घरघर इतक्या वर्षांत आमच्या कानांना ऐकू येईनाशी झालीय. पेटीचं स्टँड त्याच भिंतीला टेकलेलं आहे. आणि गिरणीची मोटार पलीकडून त्याच भिंतीला बसवलेली आहे. ती मोटार गेल्या दिवाळीत मीच भरून दिली होती! म्हणजे सकाळपासून मी माझ्याच हातच्या मोटारीला मधमाश्या समजून फोनवर शाबासकी देत होतो.

मी भिंतीवरून डोकावलो. "चाचा, मोटारीचं बेअरिंग घासून राहिलंय."

"मेरे कू मालूम है," चाचा पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून म्हणाले. "तेरेच हाथ की है."

हसू येण्यासारखं होतं, पण मला आलं नाही. कारण आता पेटी खरंच गप्प होती, आणि मी तर नुकतंच सुनंदाला "एक नंबर" म्हणून सांगून बसलो होतो. ती परत येणार, चहाचा कप घेऊन पेटीसमोर बसणार, आणि फटीतून कोणीच बाहेर येणार नाही. तिचं तोंड मला आत्ताच दिसायला लागलं. मी चाचाला सगळं सांगितलं.

"ठंडी से चल बसे रहेंगे बेचारे," चाचा हळहळले.

"असं कसं चल बसे?" माय म्हणाली. (तिला चाचाची भाषा चाळीस वर्षांच्या शेजारामुळं पूर्ण समजते, चाचाला तिची. बोलताना मात्र दोघंही आपापलीच वापरतात.) "आमच्या टायमाला घरात उंदीर हाय का न्हाई ते बघाया बिळाच्या तोंडाशी पीठ भुरभुरायचे. पावलं उठली की हाय. न्हाई उठली की न्हाई."

कल्पना मला पटली. पेटी उघडायची नाही, हलवायची नाही, फक्त पीठ टाकायचं! चाचानं गिरणीत अडकलेल्या ज्वारीचं पीठ मूठभर दिलं. मी ते फटीसमोरच्या फळीवर रांगोळीसारखं नाजूक पसरलं आणि आम्ही तिघं दूर जाऊन चहा प्यायलो. (जास्तीचा कप असा कामी आला.)

परत येऊन बघतो तर पिठावर पावलं! स्पष्ट, ठसठशीत!

"हायेत! हायेत!" मी ओरडलो.

माय वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाळू, माशीचं पाऊल एवढं असतं व्हय?"

एवढं नसतं. एवढं चाचाच्या कोंबडीचं असतं. ती शेवग्याच्या बुंध्याशी चोच पुसत उभी होती, आणि फळीवरचं पीठ अर्धं संपलेलं होतं.

यानंतर काही काळ मी पेटीसमोर नुसता बसून राहिलो. तिथंच चुकलं. मी बसलेला, तोंड उतरलेलं, बाजूला माय. हे दृश्य भिंतीवरून चाचाच्या गिऱ्हाइकांना दिसत होतं. दळण घेऊन आलेल्या बाईनं चाचाला विचारलं, "काय झालं मिस्त्रीकडं?" चाचा खरं बोलणारा माणूस. त्यांनी सांगितलं, सुनंदाच्या माश्या गेल्या. दळण राहिलं बाजूला. एकेक करत बाया आमच्या परसात यायला लागल्या!

"अगं माय माय! सगळ्याच गेल्या?"

"आजारी होत्या का?"

"सुनंदाताईला कळवलं का? एकदम नका सांगू. आधी म्हणावं, तब्येत बरी न्हाई."

एका बाईनं तर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की जे गेलं त्याला इलाज नाही, माणसानं दोन घास खाऊन घ्यावेत. मायनं सगळ्यांना चहा दिला. मी मान खाली घालून "व्हय, व्हय" म्हणत होतो. काय करणार? एवढी माणसं जमल्यावर माश्या गेल्या नाहीत असं म्हणायचं माझं धाडसच होईना.

बाया गेल्या, आणि लाईट आली. भिंतीपलीकडं मोटार गुरगुरली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. (डोक्यात उजेड पडला की मी घाबरायला पाहिजे. पन्नाशीतही ही सवय लागलेली नाही.)

पुरात बुडालेली मोटार कोणी आणली तर मी काय करतो? फेकून देतो का? नाही! दोनशे वॉटचा पिवळा बल्ब तिच्या पोटापाशी लावतो, वरून पोतं झाकतो, ऊब देतो. मेली म्हणून आणलेली मोटार दुसऱ्या दिवशी फिरायला लागते. मग माश्यांना का नाही?

मी दुकानातून बल्ब आणला. परसात थंडी, म्हणून पेटी अलगद उचलून मधल्या खोलीत आणली. (उघडायची नाही, हे मी अजूनही पाळत होतो.) मायच्या बाजेशेजारी स्टुलावर ठेवली, तिला गोधडी गुंडाळली, फटीसमोर बल्ब टांगला आणि ऊब जाऊ नये म्हणून दार-खिडक्या गच्च लावल्या.

"मलाबी बरं वाटून राहिलं," बाजेवर बसलेली माय बल्बाकडं हात पसरून म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. सुनंदा. व्हिडिओवर.

"काय ऐकून राहिले मी? माश्या गेल्या म्हणं?"

"कोण म्हणतं?"

"गटातल्या तिघींचे फोन आले मला. एक म्हणाली, आधी सांगते, मन घट्ट कर." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "खरं सांगा. गेल्या का?"

मला खोटं बोलता येईना आणि खरं माहीत नव्हतं. मी मोबाईल पेटीकडं फिरवला. बल्बाचा पिवळा उजेड फटीवर पडलेला.

आणि फटीतून एक माशी बाहेर आली.

सावकाश आली. फळीवर थांबली. झोपेतून उठलेल्या माणसासारखे पुढचे पाय डोळ्यांवरून फिरवले.

"आली! सुनंदा, आली!" मी नाचायलाच लागलो. "दुसरी पण आली! तिसरी! ही बघ चौथी! हायेत! तुझ्या माश्या हायेत!"

"हायेत गं माय!" सुनंदा हसली की रडली ते स्क्रीन हलत असल्यामुळं कळलं नाही. मग एकदम म्हणाली, "थांबा. पेटीच्या मागं आत्याबाईंची बाज काहून दिसून राहिली?"

मी उत्तर देणार होतो. पण तोवर मी मोजायचं सोडून दिलं होतं. फटीतून आता माश्या येत नव्हत्या, ओतत होत्या! बल्बाला सूर्य समजून त्याच्याभोवती त्यांनी असा फेर धरला की बल्ब दिसेना. थोड्या ट्यूबलाईटवर गेल्या, थोड्या कॅलेंडरवर, आणि एक सरळ माझ्या नाकावर येऊन बसली.

"आल्या ना?" माय शांतपणे उठली. तिनं पांघरूण डोक्यावरून घेतलं, चपला शोधून घातल्या आणि दाराकडं निघाली. "आता जावा म्हणावं."

नाकावरची माशी जायला तयार नव्हती. मी हात हलवला. हलवायला नको होता. नाकाच्या शेंड्यावर कोणीतरी तापलेली सोल्डरिंगची कांडी टेकवली असं वाटलं, आणि मी मायच्या आधी अंगणात पोचलो.

आता परिस्थिती अशी होती: माश्या दोनशे वॉटच्या उबेत, घरात. मी आणि माय कुडकुडत, अंगणात. चाचा भिंतीवरून बघत होते. "वा मिस्त्री! किराएदार अंदर, मालिक भार!"

फोन अजून चालू होता. मला वाटलं सुनंदा ओरडेल. ती ओरडली नाही. पेशंटशी बोलावं तसं हळू बोलली. "ऐका. आधी बल्ब बंद करा. मंग परसाकडची खिडकी उघडा. मंग पेटी उचला आन् होती तिथंच ठिवा, जरासुद्धा इकडं-तिकडं न्हाई. घाई करायची न्हाई. हात झटकायचे न्हाईत."

मी मायचं पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि गुडघ्यांवर आत गेलो. बटण बंद केलं, खिडकी उघडली, पेटी छातीशी धरली. चारी बाजूंनी गुणगुण. हा आवाज मोटारीचा नव्हता, हे आता पेचकसाशिवाय कळत होतं. जीव मुठीत धरून, एकेक पाऊल टाकत मी पेटी परसात नेली आणि स्टँडवर ठेवली.

तोवर ऊन शेवग्यातून खाली उतरलं होतं. खिडकीतून माश्या एक एक करत बाहेर आल्या. स्टँडभोवती घिरट्या घातल्या, फळीवर उतरल्या आणि फटीतून आत जायला लागल्या. दुपारपर्यंत मी तिथंच बसून होतो, बोटसुद्धा न हलवता. थोड्या माश्या उन्हात तूर-करडईच्या वासानं रानाकडंही गेल्या. नुसतं दुपारपर्यंत थांबलो असतो तर याच दिसल्या असत्या.

सुनंदा बहिणीला सांगून संध्याकाळच्या बसनं आलीच. पिशवी दारात टाकली आणि थेट परसात गेली. पेटीच्या बाजूला तळहात लावून बराच वेळ बसली. मग मधल्या खोलीत गेली, बल्बाखाली मरून पडलेल्या माश्या ओंजळीत गोळा केल्या आणि शेवग्याच्या आळ्यात टाकल्या. मी तिच्या मागं मागं हिंडत होतो. माझं नाक तोवर वांग्याएवढं झालं होतं. तिला ते दिसलं नसेल असं म्हणायला जागा नव्हती. तरी ती काही विचारीना.

शेवटी मायलाच राहवलं नाही. "आगं, माश्यांचं झालं. आता त्याच्या नाकाकडं बघ की जरा!"

सुनंदानं बघितलं. पहिल्यांदाच. नीट, जवळ येऊन, बॅटरी लावून. आणि डोळ्याला पदर लावत म्हणाली, "नाकाला काय धाड भरली, आत्याबाई? दोन दिवसांत उतरंल. पर मधमाशी एकदा चावली की मरती, ठावं हाय का? सोन्यासारखा जीव माझा गेला, आन् कशावर गेला? तर ह्या नाकावर!"